मारबतीसोबत उशी धाडू का?

विदर्भातल्या एका गावातून एका भाऊंचं पत्र आलंय. नाव नको, तालुका नको, जिल्हा तर नकोच असं त्यांनी जागोजागी बजावलंय, त्यामुळं एवढंच सांगते की पट्टा पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा आहे, भाऊंचं वय ४१, घरची कोरडवाहू शेती, घरात आईबाबा, बायको, सातवीतली पोरगी, पहिलीतला पोट्टा. आणि एक उशी.

ही उशी भाऊ पहिलीत गेले तेव्हा, म्हणजे १९९० च्या आगेमागे, त्यांच्या आजीनं शिवली. कापूस घरचा, खोळ आजीच्या जुन्या लुगड्याची. ते लुगडं विरलं तशी आईनं वरून दुसरी खोळ चढवली, मग तिसरी. तेव्हापासून भाऊंना दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही. कॉलेजला खोली करून राहिले तेव्हा उशी सोबत, वावरात जागलीला जाताना उशी सोबत, शेगावला मुक्काम पडला तरी उशी सोबत, एसटीत तिला खिडकीची जागा. लग्नात जानोशावर नवरदेवाची ब्याग उघडली तर वरच उशी, मेव्हण्या तेव्हा हसल्या त्या आजपर्यंत हसून राह्यल्या. उशी आता मधे गठ्ठा अन् कडेला नुसतं कापड अशी झालीय, एक कोपरा तर नाहीच, कारण एकदा गोठ्याजवळ उन्हात टाकली होती तेव्हा तो म्हशीनं चावून नेला.

बायकोनं चौदा वर्षं काढली. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रोगराई अन् इडापिडा गावाबाहेर घालवायची म्हणून, पोट्टे "घेऊन जा गे मारबत" ओरडत गल्लीतून निघाले तर ती उशी घेऊन दारात आली अन् "खोकला, शिंका, नवऱ्याची उशी, घेऊन जा गे मारबत!" म्हणून दिली फेकून. गल्ली हसली. भाऊ गावाबाहेर जाऊन उशी घेऊन आले, टॉवेलात गुंडाळून. मग तिनं उशी भांडेवालीपुढं ठेवली, हिच्यावर निदान एक वाटी तरी दे म्हणाली, भांडेवालीनं वास घेतला अन् म्हणे, "राहू दे बाई, वाटी अशीच ठेव." आता बायकोचं शेवटचं म्हणणं, "थे उशी तरी राहीन ह्या घरात, नाई तं मी तरी."

जाता जाता अजून दोन-तीन गोष्टी पत्रात आहेत. बायकोला सकाळी उठल्याबरोबर शिंका येतात, ती म्हणते उशीमुळं, भाऊ म्हणतात कुटाराच्या, म्हणजे ढोरांच्या भुशाच्या धुळीमुळं. बाबांचा बंद पडलेला रेडिओ कित्येक वर्षं कोनाड्यात आहे, त्याला कोणी काही म्हणत नाही. आणि हे वाक्य जसंच्या तसं देते, "बायकोला जुन्याचा मोहच नाही, लग्नात दोन सुटकेसा घेऊन आली त्यात सगळं नवं कोरं, तिला काय समजणार आजीची उशी काय असते." प्रश्न तीन आहेत. मी मनानं अजून लहानच राहिलो का? पोट्टाही आईची ओढणी घेतल्याशिवाय झोपत नाही, हे खानदानी आहे का? आणि उशी टाकू की अडून बसू?

—

भाऊ, पहिले तुमच्या गावच्या भांडेवालीला माझा नमस्कार सांगा. फाटक्या पँटीवर गंज-पातेलं देताना घासाघीस करणारी बाई फुकट वाटी देऊन उठून जाते म्हणजे तुमच्या उशीत काहीतरी दम असलाच पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर देऊन टाकते. नाही, तुम्ही लहान राहिले नाही आणि तुम्हाला काही झालेलं पण नाही. डोनाल्ड विनिकॉट नावाचा इंग्लंडमधला लहान मुलांचा डॉक्टर होता, मनाचेही आजार बघायचा, त्यानं १९५१ साली हेच मांडलं की लेकरू आईपासून थोडं थोडं सुटं व्हायला लागतं तेव्हा मधल्या आधाराला एखादी वस्तू धरतं, चादरीचं टोक, चिंधी, कापडी खेळणं, काहीही, अन् ती त्याची त्यानं निवडलेली असते, आपण बाजारातून आणून दिली म्हणून तो घेईलच असं नाही. धुतलेली पण त्याला चालत नाही, वास जातो ना. पुढं बहुतेकांची ती वस्तू हळूहळू मागं पडते, तिच्यासाठी कोणी रडत नाही, तिचं काम संपलेलं असतं. आता गंमत बघा, तुम्ही उशी मिळाली तेव्हा चांगले सहा वर्षांचे होता, शाळेत जात होता, म्हणजे ही आईपासून सुटं व्हायची उशी नाहीच, ही सरळसरळ सवयीची उशी आहे, मानेला तो खड्डा माहीत झालाय. सवय आणि आजार यात फरक असतो. उशी नेता येणार नाही म्हणून मी मयतीला गेलो नाही, पोरगी दवाखान्यात भरती होती तरी उशीपायी रात्री घरी आलो, असं काही तुम्ही लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं की जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, लाजू नका, दाखवून या. तसं काही पत्रात नाही. तुमची उशी तुम्हाला कुठं जाण्यापासून अडवत नाही, उलट तीच तुमच्यासोबत सगळीकडं जाते, हीच तर तक्रार आहे.

आणि बाबांच्या रेडिओचं उदाहरण घरात परत देऊ नका, हरून जाल. रेडिओ कोनाड्यात आहे. अंथरुणात येत नाही, त्याला तेलाचा वास नाही, बायकोच्या नाकापासून तो वीतभर अंतरावर रात्रभर पडून नसतो. घरातली जुनी वस्तू कोणाला किती खुपते हे ती किती जुनी आहे यावर नसतं हो, ती कोणाच्या जागेत आहे यावर असतं.

आता आजीकडं येऊ, कारण सगळं पत्र तुम्ही आजीच्या पदराआड उभं राहून लिहिलंय.

१९९० च्या आसपासचा आपल्याकडचा कापूस आठवा. राज्यात १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, कापूस द्यायचा तो संकलन केंद्रावरच, तिथं बंड्यांच्या रांगा, रांगेतच भाकरी सोडायची अन् बैलाखालीच झोपायचं, मग ग्रेडर हात घालून बघणार, ग्रेड कमी लावला की घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही, अन् चुकाऱ्याची वाट बघत बसायचं ते वेगळंच. अशा दिवसांत पांढरा शुभ्र पहिल्या वेच्याचा कापूस नातवाच्या उशीत कोण भरणार होतं? उशीत जायची कवडी. किडकी, पिवळी पडलेली, अवकाळी पावसात भिजलेली, फरदडीच्या शेवटी झाडाला राहिलेली, जिला केंद्रावर कोणी विचारणार नाही ती. दुपारी ओसरीत बसून हातानं सरकी काढायची, निघेल तेवढी निघेल, राहिली ती राहिली. तुमच्या म्हशीवर उगाच आळ आहे भाऊ, तिनं उशी खाल्लीच नाही, तिनं आतली सरकी खाल्ली, ढोराला सरकी घालायची आपलीच रीत आहे, तिला काय माहीत ही खोळीतली आजीची सरकी आहे म्हणून.

हिशोब सांगते. क्विंटलभर कापूस जिनिंगला नेला तर रुई निघते ३४-३५ किलो, बाकी जवळपास सगळी सरकीच. म्हणजे किलोभर रुईच्या उशीला तीनेक किलो कापूस लागतो. आजीनं काय केलं, तर ज्याचे पैसे आले नसते अशी तीन किलो कवडी आणि जे नेसायच्या पलीकडं गेलं होतं असं एक लुगडं, यातून नातवाची झोप काढली. ते लुगडं काय कमी आठवणींचं असेल? कोणत्या तरी बाळंतपणाचं असेल, कोणत्या तरी लेकीच्या लग्नात नेसलेलं असेल, तरी तिनं ते टर्रकन फाडलंच ना. कापूस बसला की उशी उसवायची, दारावर पिंजारी आला की पिंजून घ्यायची, परत भरायची, खोळ नवी लावायची, ही त्या बायांची रीत होती. तीस-पस्तीस वर्षांत एकदाही न उसवता गठ्ठा झालेली उशी तुमच्या आजीनं पाहिली असती ना, तर बायकोच्या आधी तिनंच तुम्हाला ऐकवलं असतं. तुम्ही आजीची उशी जपली भाऊ, पण आजीची रीत सोडून दिली, अन् त्यातून हे सगळं महाभारत उभं राहिलंय असं मला तरी वाटतं.

त्यात ती तुम्ही समजता तशी जशीच्या तशी राहिलेली पण नाही. आजीचं लुगडं आता तिसऱ्या थराखाली आहे, एक कोपरा म्हशीच्या पोटात गेला, वरचा अभ्रा तर धुवून धुवून कितव्यांदा बदलला असेल कोण जाणे. मग पिंजायला नाही का म्हणायचं? आतली रुई तेवढी खरी जुनी, अन् तिचं मात्र मला पण कौतुक आहे, कारण ती बीटी, म्हणजे बोंडअळीसाठी जनुक बदललेलं बियाणं, यायच्या आधीची आहे. आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ ला, त्यानंतर जुनी वाणं बघता बघता वावरातून गेली. तुमच्या उशीत ती आहेत. सरकी सापडली तर पेरून मात्र पाहू नका, इतक्या वर्षांनी उगवत नसते, उगाच त्यावरून गावात अजून एक गोष्ट होईल.

आता शिंका. इथं मी वहिनींच्या बाजूनं आहे, पण अर्धीच.

जुन्या उशीत नुसती धूळ नसते, धुळीतले किडे असतात, इतके बारीक की नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढे. ढेकूण वेगळे, हे चावत नाहीत. आपल्या अंगाची झडलेली कातडी खाऊन जगतात, अन् त्यांच्या विष्ठेमुळं काही लोकांना शिंका, नाक वाहणं, डोळे खाजणं, दम्यावाल्याला दमा असा त्रास होतो. एकाच पलंगावर एकाला होतो अन् एकाला काहीच होत नाही, म्हणून "मले तं काही होत नाही" हा तुमचा पुरावा चालत नाही. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतली ओल अंगात ओढून घेतात. म्हणून पावसाळ्यात त्यांची चंगळ असते अन् आपल्याकडचा मे महिना, ४५ डिग्री आणि हवा कोरडी ठणठणीत, त्यात त्यांचे हाल होतात. कापूस स्वतः पण ओल धरतो, साध्या हवेत सुद्धा वजनाच्या सात-आठ टक्के, त्यात रात्रीचा घाम, डोक्याचं तेल, हे सगळं जमा होत जातं. उन्हानं किडे मरतील, पण मेल्यावर त्यांची घाण आतच राहते, त्यामुळं वर्षातून एकदा स्लॅबवर उशी टाकली की झालं असं नाही, ती झटकावी लागते, अन् गठ्ठा झाली असेल तर पिंजावीच लागते.

पण कुटार पण निर्दोष नाही हो. सोयाबीनचं, तुरीचं कुटार घराला लागून साठवलं असेल तर त्याच्या धुळीनं, बुरशीनं शिंका येतात, हे खरंच आहे. म्हणून भांडू नका, पाहून घ्या. घरातल्या सगळ्या चादरी, अभ्रे एकदा चांगल्या कढत पाण्यात धुवा, ६० डिग्री म्हणजे हात घालवणार नाही इतकं गरम. मग पंधरा-वीस दिवस उशी त्या खोलीतून बाहेर. पूर्ण बाहेर, दिवाणाच्या आत ठेवली तर ते बाहेर होत नाही. शिंका कमी झाल्या तर वहिनी जिंकल्या, काहीच फरक नाही तर कुटार हलवून पाहा, अन् तरीही शिंका चालूच राहिल्या, रात्री खोकला, छातीत घरघर असं असलं तर तालुक्याला डॉक्टरला दाखवा, कारण अशा शिंका पुढं दम्यापर्यंत जाऊ शकतात अन् मग उशी कोणाची होती हा प्रश्न राहत नाही. ते पंधरा-वीस दिवस तुम्हाला झोप येणार नाही म्हणता? येईल. दोन-चार रात्री कूस बदलाल, पण सोयाबीन सवंगून घरी आलेला माणूस दगडावर डोकं ठेवून पण घोरतो, हे तुम्हाला माहीत आहे अन् मला पण माहीत आहे.

आता ज्या वाक्यासाठी मी एवढं लिहायला बसले त्याच्यावर येते. "दोन सुटकेसा घेऊन आली त्यात सगळं नवं कोरं, तिला जुन्याचा मोहच नाही."

भाऊ, नवरीच्या सुटकेसमधे जुनं काही ठेवू देतं का कोणी? तिच्या आईनं, मावशीनं, काकूनं मिळून ती ब्याग भरली असेल, साड्यांच्या घड्या, नवा टॉवेल, नवा कंगवा, साबणसुद्धा नवा. फाटकी बाहुली किंवा शाळेची कंपास ठेवली असती तर सासरचे काय म्हणतील म्हणून तिथंच काढून बाजूला केली असती. तुम्ही जानोशावर चक्क उशी घेऊन गेलात, मेव्हण्या हसल्या, गोष्ट झाली, चौदा वर्षं लोक मजेत सांगतात. तिनं त्याच दिवशी तिची लहानपणची वाकळ काखेत मारून तुमच्या दारात गृहप्रवेश केला असता तर? तर ती मजेची गोष्ट झाली असती का? मला नाही वाटत. तुमच्या आईनं ती वाकळ त्याच आठवड्यात ढोराच्या अंगावर टाकली असती, राग नका मानू.

म्हणजे तुम्ही ज्याला मोह नसणं म्हणता ते तिला संधीच मिळालेली नसणं असू शकतं. तुमचं बालपण एकाच घरात आहे, त्याच खोलीत, त्याच खिळ्याला तुमचं दप्तर लटकत होतं अन् आज पोट्ट्याचं लटकतं. तिचं बालपण दुसऱ्या गावात, भावाच्या घरात, माळ्यावर कुठंतरी डब्ब्यात, असलं तर. रोज रात्री तिच्या शेजारी तुमचं बालपण झोपते अन् घोरते पण. ती उशीवर चिडते की ह्या हिशोबावर चिडते हे मला इथं बसून सांगता येत नाही, तिला स्वतःला पण कदाचित नीट सांगता येणार नाही, पण तुम्ही एकदा विचारा तर. "तुयं काय राह्यलं माहेरी?" एवढंच. अन् विचारल्यावर लगेच "मंग आणू काय?" असं म्हणून मोटारसायकलला किक मारू नका, आधी ऐकून घ्या. काही नाही म्हणाली तर नाही. शिंकाच येत असतील बिचारीला. पण काही निघालं, एखादी पेटी, भिंगऱ्यांची पिशवी, वक्तृत्वाचं सर्टिफिकेट, आईनं विणलेला काही तुकडा, तर भाऊबीजेला जाल तेव्हा घेऊन या, अन् घरात त्याला जागा द्या. आलमारीतला एक खण पूर्ण तिचा, ज्याला सासूबाईंनी आवरायच्या निमित्तानं पण हात लावायचा नाही. हे बोलणं तुम्हाला आईशी करावं लागेल, तिनं करून उपयोग नाही. आणि माहेरी आता काहीच उरलं नसेल, तिच्या भावजयीनं रद्दीत घातलं असेल, तेही होऊ शकतं, मग तिला त्याचं दुःख होऊ द्या दोन दिवस, मधेच आपल्या उशीचं कौतुक सुरू करू नका.

वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही एक सांगते. मारबतीचा डाव फार भारी होता, मी तो चार जणींना सांगितला. पण माणसाची वस्तू त्याच्या मागं फेकायची नाही, नवऱ्याची नाही अन् लेकराची तर अजिबातच नाही. समोर सांगून, भांडून, तारीख देऊन टाकायला लावा, ते चालतं. मागून टाकली की ती वस्तू होती त्याच्या दहापट मोठी होऊन बसते, तुमच्या घरात ते झालंच आहे, आधी नुसती उशी होती, आता तिला गावाबाहेरून वाचवून आणल्याची गोष्ट पण चिकटली.

तर टाकू की अडून बसू, याला माझं उत्तर दोन्हीला नाही. टाकली तर तुम्ही दर भांडणात तिचं श्राद्ध घालाल. अडून बसलात तर ज्या घरात आधीच तीन जण तुमच्या बाजूनं आहेत त्या घरात चौथी बाई एकटी पडेल, अन् ते उशीपुरतं राहणार नाही. दिवाणात बंद करून ठेवायचा सल्ला पण लोक देतात, मला तो सगळ्यात वाईट वाटतो, अंधार, ओल, आत सरकी, म्हणजे उंदरांना आवतनच. उशी पिंजून घ्या, ती करायची रीत सांगते, आणि ज्यांच्या घरी अशी एखादी म्हातारी उशी, गादी, रजई आहे त्यांनी पण वाचून घ्या.

पहिलं म्हणजे कापसाची उशी पाण्यात बुचकळू नका. बऱ्याच जणी वॉशिंग मशीनमधे घालतात, ती फायबरची उशी असते तिला चालतं, कापसाचा आत चिखल होतो, गोळे धरतात, मधला भाग दिवसेंदिवस वाळत नाही अन् बुरशी लागते. उन्हात बसून उसवायची, तोंडाला दुपट्टा बांधून, अन् वहिनींना त्या दिवशी तिकडं फिरकू द्यायचं नाही. उसवताना थर सांभाळून, आजीचं लुगडं सगळ्यात आत आहे, त्याचा जो काही तुकडा शाबूत निघेल तो हातानं धुवून वाळवून ठेवा. रुई हातानं मोकळी करून काळे पडलेले, तेलकट, वास मारणारे गोळे सरळ काढून टाका, यात भावना आणू नका, तिसरा हिस्सा तरी जाईल. सरकी वेचून घ्या. राहिलेली रुई दिवसभर कडक उन्हात, वरून पातळ जुनं कापड टाकून, नाहीतर वाऱ्यानं सगळ्या गल्लीत तुमच्या आजीची आठवण उडत राहील. पाऊस गेल्यावरचं ऑक्टोबरचं ऊन यासाठी बरं असतं, मेचं सगळ्यात उत्तम.

मग पिंजाई. पूर्वी पिंजारी दारावर यायचे, खांद्यावर ते मोठं धनुष्य, तातीचा टणण टणण आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की पोट्टे गोळा व्हायचे. आता तालुक्याला गादीवाल्याकडं मशीन असते. त्याला स्पष्ट सांगायचं की माझाच कापूस मला परत पाहिजे, अन् होईल तोवर समोर उभं राहायचं, कारण तिथं सगळ्यांचा कापूस एकाच ढिगात जायला वेळ लागत नाही. जी तूट पडेल ती तुमच्या यंदाच्या वेच्यातून भरून काढा, थोडी रुई जिनिंगवरून घ्या किंवा गादीवाल्याकडचीच घ्या. हे मी उगाच नाही म्हणत, आजी असती तर यंदाचाच कापूस घातला असता. आणि त्याच कापसात वहिनींसाठी पण एक उशी भरून घ्या, पण तिला विचारून, कडक पाहिजे की मऊ, उंच की बसकी. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा अन् कान यातली जागा भरेल एवढी उंच लागते, उताण्या झोपणाऱ्याला कमी. मानेत सकाळी कळ येत असेल तर उशी जास्त उंच किंवा जास्त बसलेली आहे असं समजा. आत घट्ट विणीची खोळ, वर अभ्रा, अभ्रा आठवड्याला धुवायचा, तो तुम्ही धुवायचा, अंगात आणून नाही, बादलीत घालून. डोक्याला तेल लावलं त्या रात्री वरून जुना टॉवेल. एवढं सगळं केल्यावर पण शिंका थांबल्या नाहीत अन् डॉक्टरनं सांगितलं की कापूसच नको, तर मग उशी खोलीतून गेली, इथं मग माझ्याकडं दुसरं पत्र पाठवू नका. लुगड्याचा तुकडा आहेच तुमच्याजवळ.

पोट्ट्याचं राहिलं. खानदानी वगैरे काही नाही, पहिलीतल्या लेकरानं आईची ओढणी धरून झोपणं अगदी रोजची गोष्ट आहे, शाळा नवीन असली की जास्तच धरतात. त्याला हसू नका, शेजारच्या काकूंपुढं त्याची नक्कल करू नका, अन् ओढणी लपवून "मांजर घेऊन गेली" असं खोटं तर मुळीच सांगू नका. ओढणीचे दोन तुकडे करून ठेवा, एक धुवायला गेला की दुसरा. हळूहळू तो स्वतःच विसरेल, नाही विसरला तर चाळीस वर्षांनी त्याची बायको मला लिहील. फक्त घरात तान्हं बाळ असणाऱ्यांना एक सांगते, एक वर्षाच्या आतल्या लेकराजवळ झोपताना सैल ओढणी, दुपटं, उशी काहीच ठेवू नका, तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही अन् श्वास कोंडतो. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देतात तिच्यासकट सांगते आहे, आजेसासू रागावल्या तर रागावू द्या.

आणि अजून एक, दसरा-दिवाळीच्या तोंडावर गादीवाल्याकडं गर्दी असते, रजया भरायला सगळे तेव्हाच निघतात, म्हणून लवकर जा. पिंजाईचे पैसे बहुतेक किलोवर घेतात, तेव्हा काळे गोळे घरीच काढून मग वजन करा, अन् भाव मशीन चालू व्हायच्या आधी ठरवा.